प्रार्थनेची वही ठेवणारी आमची आजी

मुळाकाठची

आमची आजी, म्हणजे माझ्या आईची आई, गेल्या महिन्यात वयाच्या ९२व्या वर्षी प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. राहुरी तालुक्यातील मुळा नदीकाठच्या गावात तिचे बहुतेक आयुष्य गेले आणि तिथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत, आजोबांच्या शेजारी, आम्ही तिला माती दिली. दफनविधीच्या वेळी पाळकांनी तिच्याविषयी जे सांगितले ते सर्व खरे होते. परंतु ते कोणत्याही श्रद्धावंत वृद्धेविषयी सांगता आले असते आणि आजी नेमकी कशी होती हे त्यातून कोणाला कळले नसते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिण्यासाठी हा धागा काढत आहे.

आमच्या घराण्यातील पहिला बाप्तिस्मा आजीच्या आजोबांनी घेतला. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ पासून चालू होते, पण आसपासच्या खेड्यांतील महार आणि मांग कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली ती १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या पुढेमागे, आणि आमचे कुटुंब त्यांपैकीच एक. पोटासाठी धर्म सोडला, हा टोमणा आजीने लहानपणी पुष्कळ ऐकला होता. त्यावर ती कधी वाद घालत नसे. आपल्या आजोबांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी शेजारी बसवून घेऊन अक्षर शिकवले, एवढेच ती आम्हा नातवंडांना सांगत असे आणि ते सांगताना तिचा आवाज बदलत असे.

ती मिशनच्या शाळेत शिकून सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झाली, मग मिशनच्या रुग्णालयात परिचारिकेचे आणि प्रसूतीचे शिक्षण घेतले आणि शाळामास्तर असलेल्या आमच्या आजोबांशी तिचे लग्न झाले. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, त्यानंतर काही वर्षांनी तिला आरोग्य उपकेंद्रात नोकरी लागली. १९६८ साली आजोबा गेले. तेव्हा माझी आई अकरा वर्षांची होती आणि तिच्या पाठचे तिघे, त्यांतला सर्वांत धाकटा अजून अंगावर पीत होता.

आजीच्या श्रद्धेविषयी मला सांगायचे आहे ते तिच्या वह्यांविषयी. शाळेत मिळतात तशा साध्या शंभर पानी वह्या ती प्रार्थनेसाठी वापरत असे. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले दोन रकाने असत. डाव्या रकान्यात तारीख आणि माणसाचे नाव, उजव्या रकान्यात त्या माणसासाठी आपण काय करायचे ते. पहाटे उठून, पदर डोक्यावर घेऊन, जमिनीवर बसून ती एकेक नाव मोठ्याने देवासमोर ठेवी. देवाला ती 'बापा' म्हणे. नावांमध्ये दिवस भरत आलेल्या बाया असत, दारूत बुडालेला कोणाचा मुलगा असे, मोतीबिंदू झालेले किराणा दुकानदार शेठजी असत, बांगड्या भरणाऱ्या मुसलमान बाईची नांदायला न गेलेली लेक असे. त्यांतले निम्म्याहून अधिक लोक आमच्या मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चचे, नव्हते. ज्याच्यासाठी पहाटे प्रार्थना केली त्याच्या घरी दिवस मावळण्यापूर्वी जायचे, हा तिचा नियम होता. शेठजींसाठी देवाकडे दृष्टी मागितली तर उजव्या रकान्यात 'नगरच्या दवाखान्याची तारीख विचारणे' असे लिहिलेले असे आणि ती तारीख विचारून येत असे. प्रार्थनेला उत्तर मिळाले की त्या नावापुढे 'उपकारस्तुती' असा शब्द येई. माणूस दगावला तर फक्त तारीख येई, दुसरे काही नाही.

१९७२ च्या दुष्काळातील वही मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामांवर हजारो बायका खडी फोडत होत्या, रेशनवर मिलो ज्वारी मिळत होती, कामावर सुकडी वाटली जात होती आणि उन्हात लिंबाच्या झाडांना झोळ्या बांधून त्यांत तान्ही मुले ठेवलेली असत. आजीची नेमणूक अशा कामांवर फिरण्याची होती. त्या वर्षीच्या उजव्या रकान्यात मोठे असे काही नाही. 'पाण्याचा माठ', 'हिला चार दिवस हातोडा देऊ नये असे मुकादमाला सांगणे', 'दूध पावडर', 'मुलाला देवीची लस राहिली'. प्रार्थना या शब्दाचा अर्थ मला धर्मशिक्षणाच्या कोणत्याही वर्गापेक्षा या नोंदींनी अधिक स्पष्ट करून दिला.

संध्याकाळी दिवे लागले की कुटुंबाची प्रार्थना होत असे. आजोबा असताना ते पेटी वाजवत. ते गेल्यावर आजीने पेटी कोणाला वाजवू दिली नाही, मात्र गाणे थांबू दिले नाही. ती टाळ घेऊन बसे आणि 'उपासना संगीत' या ख्रिस्ती गीतसंग्रहामधील रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ म्हणे. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली आहे आणि आजीलाही ती हाक सर्वांत जवळची होती. गाण्यानंतर आम्ही मुलांनी पाळीपाळीने एक स्तोत्र वाचायचे. चुकलो तर ती पुन्हा वाचायला लावी, पण वाचता वाचता कोणी झोपला तर त्याला उठवत नसे.

शेवटच्या काही वर्षांत तिची दृष्टी अगदी मंद झाली, तेव्हा शेजारची शाळकरी मुलगी येऊन तिला नावे वाचून दाखवी. शेवटची वही अर्धी भरलेली आहे.

आपल्या घरातील अशा आई-आजींविषयी, त्या कोणत्याही धर्माच्या असोत, आपण येथे लिहावे अशी विनंती आहे.


टाळकरी

मुळाकाठची ताई, आपल्या आजींना विनम्र श्रद्धांजली. मी शेजारच्या नेवासा तालुक्यातील. ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये जिथे ज्ञानेश्वरी सांगितली त्या गावाजवळचे आमचे घर, आणि घरात पिढ्यानपिढ्या वारी. माझी आजी माळकरी होती. तुळशीला पाणी, संध्याकाळी हरिपाठ आणि पंधरवड्याची एकादशी यांत तिच्या आयुष्यात कधी खंड पडला नाही.

आपण वर्णन केलेल्या परिचारिकांसारख्याच एक ख्रिस्ती नर्सबाई आमच्या गावी होत्या आणि माझ्या धाकट्या काकांचा जन्म त्यांच्या हातचा. त्या घरी आल्या की आजी त्यांना माजघरात बसवी. आजीच्या सासूबाईंच्या काळात हे शक्य नव्हते आणि त्यावरून घरात बोलणीही झाली होती, असे वडील सांगत. आजीने त्यावर एवढेच म्हटले होते की, जिच्या हातांनी घरात पहिला श्वास आला तिला ओसरीवरून परत पाठवणार असाल तर माझी माळ काढून घ्या. सासूबाई त्यानंतर त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत.

टिळकांविषयी आपण लिहिले आहे त्याला जोडून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आमच्याकडचे जुने कीर्तनकार त्यांची पदे ओळखत आणि चाल ऐकून मान डोलवत, कारण अभंगाचा आणि ओवीचा साचा तोच होता. आपल्या आजी टाळ घेऊन बसत हे वाचून मला म्हणूनच नवल वाटले नाही.


वसईवारा

आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे आमच्या घरची रीत थोडी वेगळी. माझी आई पानमळ्यात आणि केळीच्या बागेत राबणारी बाई होती. मे आणि ऑक्टोबर हे पवित्र मारियेच्या भक्तीचे महिने; त्या महिन्यांत वाडीतील सर्व घरे एकत्र येऊन जपमाळेची प्रार्थना करीत आणि ती बहुधा आईच सांगत असे.

तिच्या पिढीविषयी एक गोष्ट विसरली जाऊ नये असे मला वाटते. तिच्या तरुणपणापर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. १९६२ ते १९६५ या काळात कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली. शब्दही न कळणाऱ्या उपासनेला ती वर्षानुवर्षे न चुकता, अनवाणी चालत जात होती आणि मग एके दिवशी वेदीवरून तिला मराठी ऐकू आली. त्या दिवशी तिला काय वाटले, असे मी एकदा विचारले होते. आता धर्मगुरू काय म्हणतात ते कळते, देव काय म्हणतो ते आधीही कळत होते, असे ती म्हणाली.


केडगाववाट

माझी पणजी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. १९०० च्या दुष्काळात रमाबाईंनी गुजरातेतून ज्या मुली केडगावला आणल्या त्यांत ती होती. तिला स्वतःचे गाव आठवत नव्हते, आईचे नावही सांगता येत नव्हते. तिथे ती वाचायला शिकली आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, ते तिने जन्मभर वापरले. रमाबाईंनी ते शिक्षण न झालेल्या बायकांना समजावे अशा साध्या मराठीत केले होते, आणि पणजीसारख्या मुली त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या हे ध्यानात घेतले तर त्या साधेपणाचे कारण कळते.

जिला स्वतःची आई आठवत नव्हती तिने सहा मुलांना कसे वाढवले असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. आमच्या घरात आजही लहान मुलांना झोपवताना म्हणतात ती अंगाई पणजीने केडगावी शिकलेली आहे.


सडेतोड

येथे लिहिलेले सर्व मी आदराने वाचले आहे आणि या स्त्रियांच्या थोरवीविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या लेखातील आजी १९६८ मध्ये विधवा झाल्या, पदरी चार मुले होती, त्यांतले एक अंगावर पिणारे. अशा परिस्थितीत त्या रात्री-अपरात्री बाळंतपणाला जात होत्या आणि दिवसा वहीतील नावांच्या घरी जात होत्या. त्या वेळी त्यांची स्वतःची मुले कोणाजवळ होती? आपल्या समाजात श्रद्धावंत आईचे गुणगान करताना तिच्यावर पडलेल्या भाराविषयी आपण बोलत नाही आणि तो भार तिच्याकडून घरातल्या थोरल्या मुलीकडे कसा सरकला याविषयी तर मुळीच बोलत नाही. माझ्या स्वतःच्या घरातही एक अशीच परोपकारी आजी होती आणि तिच्या परोपकाराची किंमत माझ्या आत्याने मोजली. तिचे शिक्षण चौथीत थांबले. आजीच्या नावाने गावात आज सभागृह आहे. आत्याला त्या सभागृहाच्या उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसवले होते आणि तिच्याविषयी एकही वक्ता बोलला नाही.

हे लिहिण्यात कोणाला दुखावण्याचा हेतू नाही. परंतु आठवण पूर्ण असावी असे वाटते.


मुळाकाठची

टाळकरी, वसईवारा, केडगाववाट, आपण लिहिलेले मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. सडेतोड, आपला प्रतिसादही वाचून दाखवला. आई बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली की, हे विचारणाऱ्याला उत्तर दे.

तर उत्तर असे आहे. मुले माझ्या आईजवळ होती. अकराव्या वर्षापासून तीन भावंडांच्या भाकऱ्या तिने थापल्या, धाकट्याला कमरेवर घेऊन तिने पाणी भरले, आणि रात्री कोणी कंदील घेऊन दारात आले की आजी पिशवी उचलून निघे व आई आतून कडी लावून घेई. त्या पिशवीत उकळून घेतलेली कात्री, दोरा, स्पिरिट, कापूस आणि पोटातल्या बाळाचे ठोके ऐकण्याची लाकडी नळी असे. आजी कधी परत येईल हे माहीत नसे. धाकट्या मामाला गोवर निघाला त्या वर्षी आईची शाळा सुटली. आजी त्या दिवसांत कामावर होती, रजा मिळण्यासारखी नव्हती आणि नोकरी गेली असती तर पाच माणसांना खायला कोणी घातले नसते. या गोष्टीचा सल आईच्या मनात आजवर आहे आणि आजी हयात असताना दोघी त्यावर मोकळेपणाने कधीच बोलल्या नाहीत.

नोकरीविषयी एक बाजू सांगणे आवश्यक आहे, कारण सडेतोड यांनी भार हा शब्द वापरला आहे. गावाच्या लेखी आमचे कुटुंब ज्या जातीचे होते त्याच जातीचे राहिले. पाणवठ्यावर किंवा ओट्यावर बाप्तिस्म्याने काही फरक पडला नव्हता. मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नव्हत्या. त्यामुळे आजीची नोकरी हा घराचा एकमेव आधार होता. तिने नोकरी सोडावी की नाही, असा प्रश्न तिच्यापुढे कधी उभाच राहिला नाही. रात्रीची बाळंतपणे मात्र नोकरीच्या पलीकडची होती, आणि तिथे आपला प्रश्न लागू पडतो.

आता पहिल्या लेखात मी जे लिहिले नव्हते ते लिहिते. आजी गेल्यानंतर आईने १९६८ ते १९७० या वर्षांच्या वह्या उघडल्या. त्यांत रोज पहिले नाव आईचे आहे. एकही दिवस चुकलेला नाही. परंतु इतर प्रत्येक नावापुढे काय करायचे ते लिहिलेले असताना आईच्या नावापुढचा उजवा रकाना कोरा आहे. शेठजींसाठी दवाखान्याची तारीख, परक्या बाईसाठी पाण्याचा माठ, आणि स्वतःच्या लेकीसाठी काही नाही. मी आईला म्हटले की, तू घरातच होतीस, तुझ्याकडे जाण्यासाठी तिला वेगळे लिहावे लागत नसेल. आईला ते पटले नाही आणि माझे समाधानही तिला नको होते.

आजीविषयीचा माझा आदर या कोऱ्या रकान्याने कमी झालेला नाही. मला एवढेच कळले की तिच्या प्रार्थनेला जिथे वाट सापडत नव्हती अशी एक जागा होती आणि ती जागा तिच्या स्वतःच्या घरात होती. तरीही ते नाव तिने वहीतून गाळले नाही.


शेवंती

मुळाकाठची ताई, फार प्रामाणिकपणे लिहिले आहे. माझी आईही परिचारिका होती. रात्रपाळीला जाताना आमच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करी आणि आम्ही झोपेचे सोंग घेत असू. यापलीकडे लिहिवत नाही.


पाळकाची लेक

माझे वडील आणि आजोबा दोघेही पाळक होते, त्यामुळे स्मरणभक्तीमध्ये आजीच्या विश्वासावर होणारी प्रवचने मी लहानपणापासून ऐकली आहेत. त्यांत बायबलमधील, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील ओळ हटकून येते. तीमथ्यामध्ये असलेला निष्कपट विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनिके यांच्या ठायी होता, असे पौल तिथे म्हणतो. या ओळीविषयी मला नेहमी एक गोष्ट खटकत आली आहे. लोईस आणि युनिके या दोघींचे एकमेकींशी काय नाते होते, त्या एकमेकींना काय बोलल्या, याविषयी पत्रात काही नाही. आपल्या दुसऱ्या प्रतिसादात त्या दोघींमधले अंतर दिसते, म्हणून तो मला अधिक महत्त्वाचा वाटला.

आपल्याच राहुरीचे उदाहरण देते. लक्ष्मीबाई टिळकांनी तिथे १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचे पती, म्हणजे आपण लिहिलेले नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्या मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या होत्या. पतीने सांगितले म्हणून त्यांनी धर्म बदलला नाही. जात माणसाने केली आहे, देवाने नव्हे, हे मनाशी ठाम झाल्यावर त्यांनी आधी कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे ठरवले आणि बाप्तिस्मा त्यानंतर घेतला. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामध्ये त्या स्वतःच्या भित्रेपणाविषयी, हट्टाविषयी आणि पतीशी झालेल्या भांडणांविषयी जितक्या मोकळेपणाने लिहितात तितक्याच मोकळेपणाने श्रद्धेविषयीही लिहितात. ते लेखन झाले त्यामागे त्यांचे पुत्र देवदत्त यांचा आग्रह होता, आणि पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. घरातल्यांनी विचारले आणि जपले, म्हणून ती बाई आपल्याला तिच्या गुणदोषांसह भेटते.

म्हणून वह्या जपाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. त्याच वेळी एक सावधगिरीही सुचवते. त्या वह्यांत शेकडो माणसांच्या खाजगी अडचणी आहेत. कोणाचा नवरा मारत होता, कोणाच्या मुलीला कोणता आजार होता, हे त्यांनी आजींना विश्वासाने सांगितले होते आणि आजींनी ते देवाला सांगितले. त्या लोकांची मुले-नातवंडे आज त्याच गावात राहतात. आपण पहिल्या लेखात कोणाचेही नाव दिले नाही ते योग्यच केले. पुस्तक काढण्याचा किंवा पाने समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह घरातील कोणाला झाला तर त्याला कृपया थांबवावे.


कागदकाम

वह्यांच्या जतनाविषयी थोडे, कारण जुन्या कागदपत्रांशी माझा रोजचा संबंध येतो. पानांना लॅमिनेशन करू नये आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. दोन्हींमुळे कागद कायमचा खराब होतो. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवल्या तर आतल्या आत दमट होऊन बुरशी धरतात. आम्लविरहित कागदात किंवा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून दूर, कोरड्या कपाटात आडव्या ठेवाव्यात. प्रत्येक पानाचे छायाचित्र खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढावे आणि त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात. गंजलेल्या स्टेपलच्या पिना असतील तर ओढून काढू नयेत, पान फाटते. आधी पिनेचे दोन्ही पाय उघडून घ्यावेत.


सडेतोड

मुळाकाठची ताई, आपल्या मातोश्रींनी माझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला सांगितले याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगावा. कोऱ्या रकान्याविषयी वाचल्यावर मी आत्याला दूरध्वनी केला. आम्ही बराच वेळ बोललो. तिने मला आजीविषयी अशा गोष्टी सांगितल्या ज्या मला ठाऊक नव्हत्या, आणि त्यांतल्या काही गोष्टी चांगल्या होत्या.


मुळाकाठची

कागदकाम, आपल्या सूचना उतरवून घेतल्या आहेत. मामांनी चिकटपट्टी आणूनच ठेवली होती, ती बाजूला केली. पाळकाची लेक, नावांविषयी आपण सांगितलेले घरातील सर्वांना मान्य आहे. वह्या आईजवळ राहतील आणि घराबाहेर जाणार नाहीत.

यापुढचे आईने सांगितले आहे. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. वाक्ये तिची आहेत.

"धाग्यावर लिहिणाऱ्या सर्वांना नमस्कार. माझ्या लेकीने माझ्या आईविषयी लिहिले ते बरोबर आहे, पण तिला आजी म्हणून जी बाई मिळाली ती निवृत्त झालेली होती. मला मिळालेली आई कामावरची होती, आणि ती कमी बोलणारी, पटकन रागावणारी आणि नेहमी घाईत असलेली होती. ती रागावली की गाणे म्हणत असे. भाकरी करपली तर ओरडायची नाही, टिळकांचे पद मोठ्याने म्हणायला लागायची, आणि आम्ही मुले त्यावरून ओळखायचो.

मी तेरा वर्षांची असताना तिने मला एकदा रात्री बरोबर नेले, कारण घ्यायला आलेला माणूस कंदील न घेताच आला होता आणि धाकट्यांजवळ त्या दिवशी मावशी होती. मळ्यातली वस्ती होती. मी कंदील धरून उभी होते. मूल पायाळू होते आणि बाई फार थकलेली होती. आईचे हात काम करत होते आणि तोंडाने ती सारखी 'बापा, बापा' म्हणत होती. मला वाटले होते की ती प्रार्थनेच्या वेळी प्रार्थना करते आणि कामाच्या वेळी काम करते. त्या रात्री दोन्ही एकच होते हे मी पाहिले. मूल वाचले. परत येताना तिने मला विचारले, भीती वाटली का? मी नाही म्हटले. ती म्हणाली, मला वाटली. एवढ्या वर्षांत तिने मला स्वतःविषयी सांगितलेली ही एकच गोष्ट.

रकान्याविषयी. लेकीने तुम्हाला सांगितल्यावर मी पुढच्या वह्या वाचत गेले. १९७१ च्या जून महिन्यात माझ्या नावापुढे 'शाळेत पुन्हा नाव घालणे' असे लिहिलेले आहे आणि त्याखाली 'पोत'. गळ्यातली सोन्याची पोत तिने मोडली हे मला तेव्हाच माहीत होते, पण ती धान्यासाठी मोडली असे आम्हा मुलांना सांगितले होते. मी पुन्हा शाळेत गेले, पुढे शिक्षिका झाले आणि त्याच तालुक्यात नोकरी केली. तीन वर्षे तो रकाना कोरा का होता, याचे कारण मला अजून माहीत नाही. पैसे नव्हते, हे एक असेल. दुसरे काही असेल तर ते तिच्याबरोबर गेले. मला त्याचा राग होता आणि थोडा अजूनही आहे, आणि तिच्यासारखी दुसरी बाई मी पाहिली नाही हेही खरे आहे. पहाटे मी या दोन्ही गोष्टी देवाला सांगते.

येत्या रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीत तिची स्मरणभक्ती आहे. नेवाशाच्या टाळकरी दादांना जमले तर टाळ घेऊन यावे. आमच्याकडे आता टाळ धरणारे कोणी राहिलेले नाही. शेवटच्या वहीत ज्यांच्या नावापुढे उपकारस्तुती किंवा तारीख लिहायची राहिली आहे, त्यांची मी वेगळी यादी केली आहे. गावातल्या सगळ्यांकडे जाऊन आले. नगरच्या दोघी राहिल्या आहेत, त्यांतल्या एकीचे गुडघ्याचे ऑपरेशन व्हायचे आहे. तिच्याकडे गुरुवारी जाणार आहे."